पुढे जाणारा डावा पाय

गुरुवारी संध्याकाळी सातला
प्रेरोवच्या नगरभवनात नवशिक्यांचा वर्ग असतो.
बूट मी पिशवीतून नेते.
तळाला मऊ कातडं, रस्त्यावर घालायचे नाहीत,
दुकानदाराने दोनदा बजावलं,
दोन्ही वेळा माझ्या पायांकडे बघत.

सोळाव्या वर्षी याच दालनात
भिंतीलगतच्या खुर्चीवर मी एक अख्खा शरद काढला.
आमच्याकडे रीतच आहे:
सोळावं लागलं की पांढरे हातमोजे घालून
नाच शिकायला जायचं,
आणि आयांनी वर सज्जात बसून बघायचं.
मी तेव्हाच एक मीटर ब्याऐंशी.
मुलगे समोरून यायचे,
मान वर करायचे,
आणि शेजारच्या यिंद्रिश्काला विचारायचे.
आई वरून खुणा करायची: खांदे पाड, जराशी वाक.
वाकले.
मग बरीच वर्षं सरळ व्हायचं राहूनच गेलं.
हातमोजे डिसेंबरातही शुभ्र होते.

पुढे स्टेशनवर नोकरी, काचेमागे.
तिथे उंची कुणाला दिसत नाही, नुसता आवाज जातो:
ऑस्ट्राव्हाहून येणारी जलद गाडी
अंदाजे वीस मिनिटं उशिराने धावत आहे.
मी स्वतः त्रेचाळीस वर्षं उशिराने,
त्याची घोषणा कुणी केली नाही.

पहिल्याच दिवशी बाईंचं गणित चुकलं.
बायका अकरा, पुरुष सहा.
"कुणीतरी पुरुषाची बाजू घ्या,"
आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.
वर. तसंच वर.
पण या खेपेला मला मागणी होती.

तेवढ्यात त्या सहांतले एक पुढे आले,
होस्तिवीत, चौऱ्याहत्तर वर्षांचे, मधमाश्या पाळणारे.
म्हणाले, मला बाईची बाजू द्या.
पुरुष पाचच उरले. बाईंनी कपाळाला हात लावला.
"पन्नास वर्षं मी पुढे चाललो," ते म्हणाले,
"झोरा माझ्यासमोर, उलट्या पावलांनी.
आता ती नाही.
ती काय करत होती ते मला बघायचंय."

तर असे आम्ही.
त्यांचं टक्कल माझ्या हनुवटीखाली,
त्याला मेणाचा आणि धुराचा वास.
माझा डावा पाय पुढे, त्यांचा उजवा मागे,
निदान कागदावर तरी.
खरं म्हणजे दोघांचेही डावे निघतात,
कधी दोघांचेही उजवे,
एकदा तर कुणाचाच नाही; आम्ही तसेच उभे,
आणि वॉल्ट्झ आमच्याशिवाय पुढे निघून गेला.
अंगण वाकडं म्हणायचीही सोय नाही,
फरशी पाण्यासारखी सपाट.

"पाय मोजू नका," बाई म्हणतात, "वजन मोजा.
एक जड. दोन, तीन हलके."
मी मोठ्याने मोजते, सवयीने, त्याच आवाजात,
आणि बाकीच्या जोड्याही माझ्यावरच चालू लागतात.
होस्तिवीत विचारतात, "आपण कुठल्या फलाटावर?"

पाचव्या गुरुवारी बाई माझ्या पाठीमागे येऊन थांबल्या.
दोन बोटं मणक्यावर ठेवली.
"सरळ. तुम्ही वाकलात
की त्यांना कळत नाही कुठे जायचं."
झाले सरळ. कुठेतरी कट् वाजलं.
सज्जाकडे बघितलं, उगाच. तिथे रचलेल्या खुर्च्या.

"मागे भिंत किती लांब?" होस्तिवीतनी विचारलं.
डोळे मिटलेले होते त्यांचे.
चार पावलं, मी म्हटलं. आता तीन. आता वळू.
"असंच सांगत जा."
थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. तीन-चार मात्रा.
मग माझ्या खांद्याशी, हळू:
"झोराने कधी विचारलं नाही हो.
मला वाटायचं, तिला दिसतंय."

एवढ्यात आम्ही कोपऱ्यातल्या रेडिएटरवर आदळलो.
चूक माझी. तसं जाहीर करून टाकलं,
गैरसोयीबद्दल दिलगिरीसकट.
ते हसले, गुडघा चोळला,
हात पुन्हा वर करून माझ्या दंडावर ठेवला,
आणि थांबले,
मी एक म्हणायची वाट बघत.