अकरा महिने

चूक माझीच. मार्चमध्ये, घाईत,
एका नावाला मी वर्गाच्या माथ्यावर नेऊन बसवलं, स्टॅटिक,
म्हणजे सर्व्हर उठल्यापासून झोपेपर्यंत
सगळ्यांत मिळून एकच नाव.
त्याचं आयुष्य खरं तर एका हाकेएवढं:
कुणी दार वाजवावं, आपण रिपोर्ट हातात द्यावा
आणि माणूस विसरून जावा.

एकेक जण येत होता तोवर काही कळलं नाही.
काल रात्री दोघं एकाच क्षणी आले.

भांडुपहून फोन:
"मी अनंत खोपकर. तुमचं पान मला म्हणतंय,
नमस्कार इंदुमती कारखानीस.
खाली साखर दोनशे ऐंशी.
साखर माझी की बाईंची, तेवढं सांगा.
जागाच आहे मी."

मरोळच्या ऑफिसात दहानंतर एसी बंद करतात.
मिनोती चपला काढून खुर्चीत मांडी घालून बसली,
ओरडली नाही. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली,
हे कुणाचं आहे?
आणि कधीपर्यंत?

पावणेतीनला सापडलं.
एक शब्द खोडला, एक ओळ चार ओळी खाली आणली,
महिरपी कंसाच्या आत.
आता महिरपीत जन्म, आणि महिरप मिटली
की मागे काही नाही. रडायलाही कुणी नाही.

खोपकरांना सांगितलं: नाव बाईंचं होतं,
साखर तुमचीच.
पलीकडे पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, "बरं. म्हणजे बाई ठीक आहेत."

रिक्षा चकाल्याला वळली तेव्हा एजंटचा मेसेज पाहिला,
चौदा तारखेला करार संपतोय, वाढवणार की सोडणार.
अकरा महिने. बाराव्याला कुणी हात लावू देत नाही.
समोरच्या इमारतीतले लोबो पागडीवर, भाडं बासष्ट रुपये,
त्यांना या शहरातून काढायचं
तर शहरच बंद करून पुन्हा चालू करावं लागेल.

माझ्या टपालपेटीवर अजून नेत्रा धारप.
माझ्याआधी ती राहायची, एवढंच ठाऊक.
तिचा विम्याचा हप्ता येतो, डोळ्यांच्या दवाखान्याचं स्मरणपत्र येतं,
एकदा लग्नपत्रिका आली, हळद लावलेली,
मुहूर्त उलटून गेल्यावर.
सगळं मी ओट्याखालच्या खणात ठेवतो.

मेमरीतही कचरा न्यायला कुणीतरी येतं,
पण ते आधी विचारतं: हिला कुणी धरलंय का?
एका जरी धाग्याने कुणी धरलं असेल
तर हात न लावता पुढे जातं.
आम्ही याला गळती म्हणतो, आणि सोमवारी
तिच्यावर मीटिंग घेतो.
खणाबद्दल मी कुणाला बोललेलो नाही.

फाटकाशी वॉचमन स्टुलावर झोपलेला,
घोंगडी नाकापर्यंत.
टेबलावर रजिस्टर, सुतळीला बांधलेलं पेन.
नाव, खोली, आत, बाहेर.
बाहेरचा रकाना आजवर कुणी भरलेला नाही.
रजिस्टरचं खरं मानलं तर
तीन वर्षांतले सगळे कुरिअरवाले,
गॅसवाला, एसीवाला, ४०२चे जावई,
पोलिओचे थेंब पाजायला आलेल्या दोघी,
अजून आतच आहेत, जिन्यात कुठेतरी.

मागची पानं उलटत गेलो.
दीड वर्षामागे, निळ्या शाईत:
धारप यांचे वडील. खोली ३०४. आत ७.४०.
पुढे कोरं.

पेन उचललं. एक वेळ लिहायची होती फक्त,
अंदाजाने, नऊ वाजता, साडेनऊ.
जेवून गेले असतील.

सुतळी तेवढ्यापुरती पोचत होती.
पेन परत ठेवलं
आणि खाली, आजच्या पानावर,
माझं नाव लिहिलं. ३०४. आत ३.२५.