उपयोगिता प्रमाणपत्र

मी कराडच्या कॉलेजात, लेखा विभागात.
खेकडा मला ठाऊक तो रश्शातला
आणि पाय ओढण्याच्या त्या एका विनोदातला.
तो मी सोनल झोरेला पहिल्याच दिवशी ऐकवला.
ती म्हणाली, सर, हा सतरावा.

अनुदान मंजूर होतं साठ हजार, दोन हप्त्यांत,
दुसरा हप्ता पहिल्याचा हिशेब दिल्यावर.
विषय: मोरगिरीकडच्या ओढ्यांतले खेकडे
आणि त्यांच्यावर चूल पेटणारी घरं.
माझं काम एवढंच, की रुपया ज्या खान्यात आला
त्याच खान्यातून बाहेर पडावा,
आणि मार्चच्या आत पडावा.
खेकडे जूनला बिळाबाहेर येतात.
पैसे जानेवारीत आले.

बिलं यायची ती जरा ओली, वास मारणारी.
कोंबडीची आतडी, दोन किलो.
बॅटरीचे सेल. पाटणपर्यंत एसटीची तिकिटं,
पुढचं भाडं जीपवाल्याच्या अक्षरात.
नेलपॉलिश, लाल, एक बाटली, पन्नास रुपये.
मी त्याला गोल केला:
सौंदर्यप्रसाधने अनुज्ञेय नाहीत.

ती उभ्याउभ्याच सांगत राहिली.
मोजायचं, वजन करायचं, पाठीवर ठिपका द्यायचा,
सोडायचं. महिन्यानं तोच हाती लागला
तर कळतं किती वाढला.
आणि मधेच कात टाकली तर?
तर ठिपका कातीबरोबर गेला.
मग हिशेब?
तेवढा चुकतो, सर. त्याला आपली तारीख कळवता येत नाही.
मी नेलपॉलिश रसायनांत घातलं.

अडलं ते चंदर हिलमपाशी.
रात्रीचे तीनशे, एकवीस रात्री.
मजुरीचा खाना दिवाळीआधीच कोरडा.
शाबूत होतं फक्त तज्ज्ञ मानधन, सात हजार,
कुणी बोट न लावलेलं.
नियम असा, की तज्ज्ञाचा बायोडेटा जोडावा.

तिनं जोडला.
नाव: चंदर गोमा हिलम. वय: अंदाजे छप्पन्न.
शिक्षण: निरंक.
अनुभव: बापापुढं टेंभा धरता येऊ लागला तेव्हापासून.
प्रकाशित लेखन: निरंक.
विशेष प्रावीण्य: बिळाच्या तोंडाशी पडलेली माती चिमटीत धरून
आतला घरी आहे की नाही सांगतात.
मादी उलटी करून पोटाखाली पिल्लं दिसली
तर तिला त्याच दगडाखाली, त्याच दिशेला तोंड करून
परत ठेवतात.
पिल्लं किती, ते मी मोजते. एकदा एकशे बारा भरली.
परत ठेवायचं, हे त्यांनी मला शिकवलं.

कागद दोनदा वाचला.
तिसऱ्यांदा नुसती शेवटची ओळ.
एकोणीस वर्षं तज्ज्ञांची बिलं काढतोय,
पुण्याहून गाडीनं येतात, फळ्यावर बाण काढतात,
जेवतात, प्रवासभत्ता घेतात.
उचललेलं कुणी परत ठेवल्याचं
माझ्या नोंदीत नाही.

पावतीला तो स्वतः आला. चप्पल दाराबाहेर काढली,
मी नको म्हणेपर्यंत काढून झाली होती.
रेव्हेन्यू स्टँप, निळी शाई.
अंगठ्याच्या रेघा मधोमध तुटलेल्या,
कोरीएवढी पांढरी जागा.
लहानपणी धरला होता, म्हणाला,
मी सोडंना, तोबी सोडंना.
आणि हसला, आणि पैसे न मोजताच
बंडीच्या खिशात घातले.

लेखापरीक्षकानं विचारलं, ठसा अर्धवट का?
मी म्हटलं, साहेब, तो पुरा आहे.
तिथं दुसऱ्याचीही सही आहे.
त्यानं वर पाहिलं, मग चहा मागवला.

प्रमाणपत्र गेलं. दुसऱ्या हप्त्याचं उत्तर यायचंय.
माझ्या खणात, पंचिंग मशीनमागे, मिठाईच्या डबीत
सोनलनं ठेवून दिलेली एक कात आहे,
नांग्यांसकट अख्खी, फुंकर मारली तर उडेल,
पाठीवर लाल ठिपका.
जडसंग्रह नोंदवहीत चढवायची की नाही
हे मी अजून ठरवलेलं नाही.