हवा भरून मिळेल

पाटी अजून आहे. त्यातला "मि" पुसला गेलाय,
मुलं मुद्दाम मोठ्यानं वाचतात: हवा भरून ळेल.
नाक्यावर बसून पस्तीस वर्षं झाली.
आधी सायकली आल्या, मग लुना.
चारचाकीवाले थेट पावसला जातात, मशीनवर.

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी राडयांची शर्वाणी आली,
मागं जुबेर, त्याच्या मागं तरळांचा अंकेश,
हातात दोन हात पीव्हीसी पाइप आणि नळाचा कॉक.
चाचा, ह्याच्या बुडाला ट्यूबचा वॉल बसवून देताव?
कशाला गं?
रॉकेट.
मी हसलो नाही. सोल्युशन सुकेपर्यंत हसायचं नसतं,
हात हलतो.

बादलीत बुडवून बघितला.
बुडबुडा येतो तिथं खोट असते,
मला एवढंच शास्त्र येतं, आणि ते कधी चुकलेलं नाही.
दोन ठिकाणी आला. दोन्ही बुजवल्या.

आता कागद. शाळेच्या वहीचा नको,
घवाळीबाई पानं मोजतात.
मग मी गल्ल्याखालून उधारीची वही काढली.
बायको आतून म्हणाली, फाडा, नाहीतरी कोण देणार आहे.

पान बारक्या नळीवर गुंडाळायचं,
घट्ट नको, अंगठ्यानं सरकेल इतपत.
शेंडा दुमडून चिकटपट्टी, वर आणखी एक.
खाली लग्नपत्रिकेचे तीन पंख:
एकावर गणपतीची सोंड, एक कोरा,
एकावर नुसतंच "हाच आहेर".

सड्यावर कातळ तव्यासारखा,
पलीकडे पूर्णगड, मध्ये खाडीचं तोंड उघडं.
तिथं कुणी, कधी, कोण जाणे,
कातळात एक मासा कोरून ठेवलाय, बैलगाडीएवढा.
उभं राहून बघा, फक्त शेपूट दिसते.
सपाट म्हणून नळी त्याच्या डोळ्यावरच ठेवली.

पंप मी मारला. चाळीस पौंड.
पहिल्याचं डोकंच उडालं, अंग नळीवर तसंच.
दुसऱ्याला अंकेशनं कॉक भीत भीत फिरवला,
हवा उसासा टाकून निघून गेली.
अरे, झटक्यात! दार उघडतोस तसा नको,
थोबाडीत मारतोस तसा.

तिसरं पान वासुदेव गुरवाचं,
मागचा टायर, दोन ट्यूब, एकशे वीस रुपये, साल अकरा.

फट्.

मान वर केली तर नळी रिकामी.
मग दिसलं. उन्हात एक पांढरं कुसळ,
अजून वर, अजून वर,
आणि तिथं ते जरासं थांबलं,
काहीतरी विसरल्यासारखं.

पस्तीस वर्षं हवा भरली मी.
ती सगळी जमिनीला धरून फिरली,
घाट चढली, राजापूरच्या गंगेला जाऊन आली,
पण भुई सोडलेली नव्हती तिनं.
मला वाटतं, तेवढ्या थांबण्यात
तिनं खाली बघितलं असेल,
अख्खा मासा, त्याच्या डोळ्यापाशी आम्ही चौघं,
आणि माझं टक्कल.

शर्वाणीनं कोनमापकाला दोरा बांधला होता,
दोऱ्याला माझ्याकडचा नट.
ती म्हणाली एकशे चाळीस फूट.
जुबेर दोनशेच्या खाली यायला तयार नाही.
भांडण अजून चालू आहे.

वारा दर्याकडचा. ते काजूंमध्ये कुठं गेलं
मगरीबची अजान झाली तरी सापडलं नाही.

आठ दिवसांनी वासुदेव गुरव दुकानात आला.
हातात चुरगळलेली गुंडाळी, एक पंख शाबूत.
माझ्या बागेत पडलं होतं, म्हणाला,
आणि नाव माझंच.
तू हिशोब असा पाठवायला लागलास होय रे, रऊफ?

शंभराची एक नोट, दहाच्या दोन,
पालथ्या डब्यावर ठेवल्या. मी नको म्हटलं नाही.
चहा सांगितला.
निघताना तो दारात थांबला,
पाटी बघितली, आभाळ बघितलं,
आणि म्हणाला, वहीत अजून कोण कोण आहे?