नऊ

कागदावर आकडा: नऊ.
तीस हवा, निदान वीस तरी, उर्वे म्हणते
आणि नवाभोवती दोनदा पेन फिरवते,
जणू सोडला तर पळून जाईल.
नार्वात दुपारचे तीन वाजलेत,
रस्त्यावरचे दिवे लागलेत,
नदीपलीकडचा किल्ला, दुसऱ्या देशातला,
केव्हाच अंधारात गेलाय.

विषाणू मोजतात तो कागद वेगळा.
तो माझा बरा येतो. अकरा वर्षं 'सापडत नाही' असं छापलेलं.
आई तो फ्रिजवर लावायची,
पाहुणे आले की उलटा.

रात्री मी काकड्या राखतो.
गावाबाहेर काचेचं घर आहे, फुटबॉलच्या मैदानाएवढं,
डिसेंबरातही तिथे सोळा तास गुलाबी उजेड,
दुरून वाटतं बर्फाला ताप आलाय.
वेल चढतात, फुलं धरतात,
काकडीला पत्ताही नसतो की बाहेर उणे अठरा आहे.
उर्वेला विचारलं होतं, तिथेच शर्ट काढून बसलो तर?
ती हसली.
तो उजेड पानांचा, वेनिआमिन.
कातडीला लागतं ते त्यात नसतं.

मग तिने सांगितलं, सावकाश,
माझ्या मोडक्या एस्टोनियनला सांभाळून:
ऊन कमी पडलं की छातीतले राखणदार पेंगतात म्हणे,
क्षय शिरतो, न्यूमोनिया शिरतो,
तुमच्यासारख्यांत जास्त.
'तुमच्यासारख्यांत' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे नाही.
तेवढ्यासाठी मी तिचा ऋणी आहे.
पण थेंब घेतले की दार बंद झालं, असंही नाही, ती म्हणाली.
कुठे कुठे देऊन पाहिलेत, हजारोंना. फारसा फरक पडला नाही.
मग आधी काय?
ऊन नाही म्हणून आजार,
की आजारी माणूस उन्हापर्यंत पोचतच नाही?
तिने खांदे उडवले
आणि कापसाचा बोळा माझ्या बोटाखाली दाबून धरला.

मला ग्लेब आठवला.
एकच सुई, आम्ही चौघं, जिन्याखाली. मी एकोणीसचा.
तीन वर्षांनी ग्लेब क्षयाच्या वॉर्डात, उत्तरेकडच्या खोलीत.
समोरच्या इमारतीच्या काचेवरून
दुपारी एक उसनी तिरीप यायची,
पलंगाच्या पायथ्याशी, सात-आठ मिनिटं.
तो रजईतून पाय बाहेर काढायचा.
एवढा तरी बरा होईल बघ.
पायाला काही झालंच नव्हतं.

आणि उन्हाळ्यात काय करतोस? उर्वेने सहज विचारलं.
जूनमध्ये इथे धड रात्र होत नाही,
अख्खं गाव नदीकाठी ऊन खात पडलेलं असतं,
म्हाताऱ्या, कुत्री, सुट्टीवरचे सीमारक्षकसुद्धा.
मी म्हटलं, असतो की मीही.
पूर्ण बाह्यांत?

बावीस उन्हाळे.
मनगटाच्या गुंडीसकट.

तिने काही लिहिलं नाही.
त्या कागदावर याला चौकट नाही.

थेंब घेतोय. सकाळी, काळ्या पावाच्या तुकड्यावर.
चव म्हणजे नुसतं तेल.
मार्चात आकडा एकोणीस.
खोकला दोनदा आला, दोनदा गेला,
थेंबांनी गेला की आपणहून, कोण सांगणार.

एप्रिल. नदीत बर्फाचे तुकडे एकमेकांना ढकलत समुद्राकडे निघालेत.
बाकावर मी, आणि खालच्या मजल्यावरची झिनाइदा,
सूर्यफुलाच्या बिया फोडत.
डावी बाही एक घडी वर. आणखी एक.
कोपराच्या अलीकडे थांबलो.
वाऱ्याने काटा आला.

भाजशील, ती म्हणाली. हे पहिलं ऊन लबाड असतं.
आणि बियांचा पुडा बाकावर मध्ये ठेवला,
जरा तिच्याच बाजूला.
घ्यायच्या तर मला हात लांबवावा लागणार होता,
पूर्ण.