अर्धा कप

नायनाचा उजवा हात हलायला लागला
त्या वर्षी पारा चव्वेचाळीसवर गेला होता.
आम्हाला वाटलं, उन्हानं असेल.
मग गड्ड्याच्या जत्रेत पाळणे लागले, थंडी पडली,
आम्हाला वाटलं, थंडीनं असेल.

तोवर त्यानं हात लपवायच्या सगळ्या जागा शोधून ठेवल्या होत्या.
लेंग्याचा खिसा. मांडीखाली.
मंडईत पिशवीच्या बंदांमध्ये गुंडाळून.
रात्री टॉवेलची काठपट्टी मनगटाला बांधायचा,
दुसरं टोक खाटेच्या पायाला.
सकाळी मनगटावर वळ.
आम्ही कोणी विचारलं नाही.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये एकतीस वर्षं जॉबर होता हा माणूस.
चोवीस लूमांच्या खडखडाटात
चहाचा घोट घेता घेता म्हणायचा,
अकरा नंबर आजारी आहे,
आणि दोन मिनिटांत अकरा नंबरचा धोटा अडकायचा.
घरीही तेच.
अम्माचा दम्याचा श्वास,
माझी उशिरा वाजणारी कडी,
धाकट्याच्या आवाजातलं खोटं,
त्याला सगळं आधी ऐकू यायचं
आणि मग तो पाना घेऊन उठायचा.
आम्ही सगळे त्याचेच लूम होतो,
कापड निघत होतं, तक्रार कशाला करायची.

डॉक्टर म्हणाले, हे थांबत नाही,
हळू करता येतं.
नायना म्हणाला, कुठला नट ढिला झालाय तेवढं सांगा.
डॉक्टर हसले.
नायना हसला नाही.

पुढचे आठ महिने मी सांगणार नाही.
दोन ताटं आणि एक आरसा, इतकंच.

एकदा पाचव्या दिवसाचं पाणी आलं, रात्री अडीचला.
सगळी विडी घरकुल जागी,
मोटारींचा घुंघुं, बादल्या, तेलुगूत शिव्या.
मी टाकीवर चढलेले,
पाइप धरायला खाली त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.
पाइप हलायला लागला.
पाणी भिंतीवर, मीटरवर, सत्तव्वाच्या वाळत घातलेल्या साडीवर,
माझ्या तोंडावर.
मला वाटलं, आता आदळणार.
तो उभा राहिला.
हलणाऱ्या हाताकडे बघत राहिला,
जसं दुसऱ्याच्या शेडमधल्या लूमकडे बघतात.
मग पाइप हंड्याच्या तोंडात खोल खुपसला
आणि वर गुडघा ठेवला.
हंडा भरला.
अर्धा तास तो तसाच, एका गुडघ्यावर,
हंड्यामागून हंडा.
हात बाजूला हलत होता,
त्याला कोणी बांधलेलं नव्हतं.

सकाळी म्हणाला, बिड्डा, चहा अर्धाच भर.
एवढंच.
जन्मात या माणसानं काही अर्धं मागितलं नव्हतं.
मी कपाकडे बघत राहिले,
त्यात अजून किती मावलं असतं
ते मला दिसत होतं.
त्यानं दोन्ही हातांनी उचलला.
एक थेंब सांडला, लुंगीवर.
त्यानं तो पुसला नाही.

आता संध्याकाळी हारिका त्याच्याजवळ बसते,
हातात दोन तुटके धागे.
तो बोटं न वापरता गाठ शिकवतो,
नुसत्या शब्दांनी:
याच्या खालून घे, नाही, याच्या,
आता अंगठ्यानं दाब, आता थुंकी लाव.
विणकरगाठ अशी हवी की बोट फिरवलं तर कळू नये.
हारिकाची गाठ चिंचोक्याएवढी झाली.
मी दारातून बघते,
त्याचा जबडा आवळलेला,
डावा हात अर्धा उचललेला,
आता हिसकावणार, आता सोडवून पुन्हा बांधणार.

हात गुडघ्यावर परत आला.

"फणीत अडकेल का, ताता?"
"अडकेल."
"मग?"
"मग लूम थांबेल," नायना म्हणाला,
"तू उठशील,
बघशील."

ती दुसरी गाठ मारायला बसली.
त्यानं मला हाक मारली, चहा म्हणून.
मी विचारलं, किती.