डावीकडचा तिसरा खांब

या, इंजिनिअरसाहेब. उंबरा खोल गेलाय, पाय जपून.
हा दगड मी कधी पुसत नाही, तो पायांनीच पुसला जातो.

तुमच्या कागदावर आहे, बाराव्या शतकातली वास्तू.
असेल.
पण डावीकडचा तिसरा खांब हाताला वेगळा लागतो,
गार, आणि बुटका,
म्हणून त्याच्या पायाशी पाट मांडल्यासारखा दगड.
तो आधीच्या कुठल्याशा देवाचा. नाव कुणालाच ठाऊक नाही,
तरी लग्न ठरलं की मोंतेल्वारोच्या पोरी
जाता जाता त्याला पाठ लावून जातात.
मीही लावली होती.

भूकंप तीन झाले.
पहिल्यात घुमट गेला. दुसऱ्यात बिशप.
म्हणजे मेला नाही हो,
खाली, रेल्वे आली त्या गावात राहायला गेला,
तो परतलाच नाही.
बिशप नाही तर याला कॅथेड्रल म्हणायचं का,
यावरून न्हाव्याच्या दुकानात अजून भांडणं होतात.
त्याची खुर्ची मी दर शनिवारी झटकते.
बसायला एक मांजर, तीही हिवाळ्यापुरती.

वर बघा. दोन घंटांची जागा, घंटा एक.
घंटा वितळवून तोफा करणार अशी कुणकुण लागली,
तेव्हा तिघा भावांनी रातोरात धाकटी उतरवली,
कांद्याच्या रानात पुरली, आणि शपथ घेतली.
एकाला डोंगरात गोळी लागली.
एक अर्जेंटिनाला गेला, त्याचं पत्रही आलं नाही.
तिसरा एल्पिदिओ, माझा बाप.
शेवटी त्याला माझंही नाव आठवेना,
पण सांजेला उठून बसायचा, म्हणायचा,
"ऐक, कुणीतरी दोरी ओढतंय."
आम्ही अर्धं रान उकरलं.
कांदे निघाले.

ही भेग तिसऱ्या भूकंपाची.
तुम्ही तिच्यावर काच चिकटवता,
काच तडकली की भिंत हलतेय, असंच ना?
माझंही एक माप आहे.
झावळ्यांच्या रविवारी ऑलिव्हची डहाळी मिळते,
ती मी इथे खोचते, दर वर्षी.
आधी नुसता देठ जायचा.
मग करंगळी.
यंदा अंगठा गेला, नखासकट.
लिहा ते. अंगठा.

झालं? चला मग.
नाही, किल्ली इकडे द्या.
तुमच्याच्यानं लागायचं नाही हे दार,
जरा उचलून घ्यावं लागतं.