दुपारी दीड, वेंगुर्ला

मिक्सरला हात लावला आणि लाइट गेली.
मग हॉर्लिक्सची जुनी बरणी काढली,
दूध, कॉफीचा काळा काढा, साखर चार चमचे
(पाचवा कुणी मोजला नाही),
झाकण आवळून हलवत राहिले,
बांगड्या किणकिणत, घामाने निथळत.

चॉकलेट भावाने बोटीवरून आणलेलं,
पाहुण्यांसाठी राखलेलं,
कपाटात दोनदा वितळून दोनदा गोठलेलं.
पाहुणे आले ते सगळे चहावाले.
आज आडाळ्यावर धरलं सरळ.
दात्यांत सकाळच्या नारळाचा चव अडकला होता;
असू दे म्हटलं.

बर्फाचा ट्रे तारल्यांच्या पिशवीखाली.
धुतला, हुंगला, परत धुतला.

तेवढ्यात दारात कातरीन, डोक्यावर पाटी:
"वैनी, बरफ आसा?"
एकच सुरमई उरलेली, तीही उन्हाने मऊ.
अर्धे खडे सुरमईवर घातले, अर्धे बरणीत,
आणि मग दुसरा ग्लास काढावाच लागला.

ती पायरीवर टेकली.
वरच्या ओठावर तपकिरी फेस.
"कडू आसा गो."
बराच वेळ समोरच्या माडाकडे बघत राहिली.
मग रिकामा ग्लास पुढे केला,
"उरला आसात तर घाल."